ताप गुरुवारपासून होता

"लेप्टोस्पायरोसिस पॉझिटिव्ह आला आहे," डॉक्टर म्हणाले. "ताप नेमका कधीपासून होता, आठवून सांगा."

"शनिवारपासून," मी म्हटलं.

खोटं होतं ते. ताप गुरुवारपासून होता. मला ते पक्कं माहीत होतं. काचेपलीकडे आयसीयूत पडलेल्या माझ्या यजमानांनाही माहीत होतं, पण त्या दिवशी त्यांना स्वतःचं नावही धड सांगता येत नव्हतं.

लेप्टोस्पायरोसिस हा जंतूंचा आजार. उंदीर-घुशींच्या लघवीतून हे जंतू पाण्यात, चिखलात मिसळतात आणि पायाच्या भेगेतून, जखमेतून माणसाच्या अंगात शिरतात. लवकर ओळखला तर बहुतेकदा अँटिबायोटिकच्या गोळ्यांवर भागतं. उशीर झाला तर तो लिव्हर आणि किडनी धरू शकतो. आम्हाला उशीर झाला. तो कसा झाला, हे मी आजवर तीन माणसांना सांगितलं आहे. आता लिहायला बसले, कारण आमच्या पट्ट्यात पावसाळा सरता सरता कुणाच्या ना कुणाच्या घरी हा ताप येतोच, आणि तिथेही माझ्यासारखं कुणीतरी गप्प बसलेलं असू शकतं.

मी मुळात कमी बोलणारी. पण कमी बोलणारं माणूस खरंच बोलतं, असं काही नसतं.

वसईच्या पश्चिमेला, समुद्राच्या अंगाला आमची वाडी आहे. केळी, थोडा मोगरा, आणि मधोमध पानवेली, म्हणजे विड्याच्या पानांच्या वेली. माझे यजमान जयवंत बोईसरच्या एका कंपनीत होते. ती बंद झाल्यावर पूर्णवेळ वाडीत उतरले. मी त्यांना नावाने हाक मारत नाही, इथेही 'हे'च लिहिते. मी शाळेच्या ऑफिसात क्लार्क. घरात सासूबाई, ऐंशीच्या पुढच्या. मुलगी तेजू पुण्याला. घरात आमची वेगळी बोली चालते, पण ती सगळ्यांना कळणार नाही म्हणून इथे साध्या मराठीत लिहिते.

वाडीवाल्याला गाव सोडता येत नाही. पाणी चुकलं की वेल रुसते, असं सासूबाई म्हणतात. संसाराच्या चोवीस वर्षांत आम्ही दोघं मिळून बाहेर राहिलो ते कुणाच्या लग्नाला, तेही एका रात्रीपुरते. कुठे जाऊ या म्हटलं की ह्यांचं उत्तर ठरलेलं, "बघू."

माझ्या शेजारच्या टेबलावर रोहिणी बसते. दर सुट्टीत ती कुठेतरी जाऊन येते आणि माझ्यासाठी फ्रिजवर लावायचं मॅग्नेट आणते. चांगल्या मनाने आणते, हे आधी सांगते. माझ्या फ्रिजवर अशी सात ठिकाणं चिकटलेली होती, आणि त्यांतलं एकही मी पाहिलेलं नव्हतं. रोज सकाळी दूध काढताना केरळ, दूध ठेवताना सिमला.

रविवारी मुंबईकडची माणसं गाड्या घेऊन आमच्याकडे फिरायला येतात. कळंबच्या किनाऱ्यावर जातात, वाटेत आमच्या गेटपाशी उभं राहून केळीबरोबर फोटो काढतात. "किती लकी आहात हो तुम्ही!" असं एक बाई मला म्हणाली होती. मी त्या वेळी शेणाची पाटी उचलून चालले होते. मी पाटी घेऊन तशीच पुढे गेले. मात्र त्या दिवसापासून मी ह्यांच्याशी दोन दिवस अबोला धरला.

हेवा हा शब्द मी तेव्हा वापरत नव्हते. मला वाटायचं, आपल्याला फक्त फिरण्याची आवड आहे.

गणपतीनंतर रोहिणी आणि तिचे यजमान सिक्कीमला जायचं ठरवत होते. मी घरी येऊन नुसतं सांगितलं. हे वाडीत पाण्याचे पाट काढत होते. मान वर न करता म्हणाले, "आपलंपण नाव घाल." मी पुन्हा विचारलं, तर म्हणाले, "घाल म्हटलं ना. भालू बघेल पाण्याचं." भालू म्हणजे त्यांचा चुलत भाऊ, शेजारच्याच वाडीतला.

दिवाळीनंतरच्या बुधवारी निघायचं होतं. मी दोघांसाठी थर्मल, हातमोजे आणि माकडटोप्या आणल्या. ह्यांची टोपी तांबडी होती. घालून बघितली तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "वाडीत वानर कमी होते, त्यात हा एक."

आणि दसऱ्यानंतर परतीचा पाऊस आला.

पाट तुंबले, पानवेलीत पाणी चढलं. वेलींची मुळं कुजायला नकोत म्हणून तीन दिवस हे पोटरीभर पाण्यात उभे राहून पाट मोकळे करत होते. अनवाणी. पानवेलीत पायात काही घालून जायचं नाही, ही आमच्याकडची रीत आहे. वेल म्हणजे लक्ष्मी. तिच्या दारात चप्पल नाही. केळीत आम्ही चप्पल घालून जातो, पानवेलीच्या बांधापाशी ती काढून ठेवतो. ह्यांच्या टाचेत काहीतरी खुपलं होतं, हळद भरली आणि विसरलो.

दिवाळी झाली आणि एका गुरुवारी संध्याकाळी हे घरात आले, हातपाय न धुता ओसरीवर आडवे झाले. अंग तापलेलं होतं. म्हणाले, "पोटऱ्या अशा भरून आल्यात की हात लावू देववत नाही."

माझ्या मनात पहिला विचार काय आला, तो लिहिते. वाटलं, काढला ह्यांनी बहाणा.

चोवीस वर्षांचं "बघू" माझ्या डोक्यात होतं. मला खरंच वाटलं की ह्यांना वाडी सोडायची नाही म्हणून अंग दुखतंय. मी तापाची गोळी दिली आणि आत जाऊन बॅग भरायला घेतली.

शुक्रवारी ताप. शनिवारी ताप, जरा कमी. रविवारी पुन्हा थंडी वाजून. मी गोळ्या देत राहिले. सासूबाई म्हणाल्या, "डॉक्टरला दाखव गं त्याला." मी म्हटलं, "दाखवते, आई."

सोमवारी आमच्या गावातल्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांचा एक नियम अख्ख्या गावाला पाठ आहे. ताप तीन दिवसांच्या आतला असेल तर गोळ्या देऊन थांबतात. तीनच्या पुढे गेला की रक्त तपासायला पाठवतात, आणि रिपोर्ट येईपर्यंत गाव सोडायचं नाही म्हणून बजावतात. तो पाचवा दिवस होता. बुधवारी विमान.

"कधीपासून आहे?" डॉक्टरांनी विचारलं. विचारलं ह्यांना, पण उत्तर मी दिलं.

"दोन दिवस झाले."

त्यांनी केसपेपरवर तसं लिहिलं. मग विचारलं, "साचलेल्या पाण्यात वगैरे गेला होता का?"

"नाही," मी म्हटलं.

हे दुसरं उत्तर मात्र मी खोटं म्हणून दिलं नव्हतं. आमच्या लेखी साचलेलं पाणी म्हणजे आचोळ्याच्या रस्त्यावरचं, बातम्यांत दाखवतात ते, गटाराचं. वाडीतलं पाणी आमचं पाणी. त्यात आम्ही जन्मभर उभे आहोत. ते साचलेलं असतं, हे मला त्या दिवशी सुचलंच नाही, आणि ह्यांनाही सुचलं नसावं, कारण तेही गप्प होते. आमच्याकडच्या कुणालाही विचारा, हेच उत्तर देतील. म्हणून हे मुद्दाम लिहिते: वाडीतलं, शेतातलं, खाजणातलं पाणी हेही पाणीच. डॉक्टरांना ते सांगायचं.

दोन दिवसांचं मात्र मी ठरवून सांगितलं. मला तो नियम माहीत होता.

मंगळवारी ह्यांचे डोळे लाल होते. जेवले नाहीत. लघवी कमी होतेय म्हणाले, आणि झाली ती चहासारखी. मी म्हटलं, पाणी कमी पडतंय, पाणी प्या.

बुधवारी सकाळी नऊला टॅक्सी दारात आली. बॅगा डिकीत गेल्या. हे पायरीवर बसून बूट घालायला वाकले ते वाकलेच, आणि उलटी झाली. ड्रायव्हर नालासोपाऱ्याचा होता, पन्नाशीचा माणूस. त्याने ह्यांना धरलं, तोंडाकडे बघितलं आणि मला म्हणाला, "ताई, डोळे बघितले का यांचे? पिवळे झालेत. एअरपोर्ट राहू दे, हॉस्पिटलला घेतो गाडी."

मी तेव्हाही घड्याळ बघितलं. हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं.

वसईतल्या एका हॉस्पिटलात ह्यांना थेट आयसीयूत घेतलं. दुपारपर्यंत रक्ताचे रिपोर्ट आले. बिलिरुबिन वाढलेलं, म्हणजे कावीळ. प्लेटलेट्स, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशी, कमी. आणि क्रिएटिनिन खूप वर. क्रिएटिनिन हा शरीरातला कचरा, किडनी तो लघवीतून बाहेर टाकते. तो रक्तात साठला म्हणजे किडनी काम करत नाही. फिजिशियननी ह्यांचे तळपाय बघितले आणि मला विचारलं, "अनवाणी चालतात का?"

"फक्त पानवेलीत," मी म्हटलं.

त्यांनी लेप्टोची तपासणी लावली आणि रिपोर्टची वाट न बघता इंजेक्शनं सुरू केली. दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, रिपोर्ट आला. सुरुवातीला लिहिलेला तो प्रश्न तेव्हाचा. मी पुन्हा शनिवारच सांगितला. एकदा दोन म्हटलं की दोनच धरून ठेवायचं, असं काहीतरी झालं होतं माझं.

आयसीयूबाहेर लोखंडी खुर्च्यांची एक रांग होती. मी तिथे आमच्या दोन प्रवासी बॅगांबरोबर बसले. त्यांच्यावर टूरचे पिवळे टॅग लटकत होते. जाता-येता लोक विचारायचे, "बाहेरगावहून आलात का?" मी म्हणायचे, "नाही, इथल्याच."

रोहिणीला मी फक्त "ताप आहे, येत नाही" एवढंच कळवलं होतं. तिला काय कल्पना. तिचे फोटो येत होते. छांगू तलाव, याकवर बसलेली रोहिणी, हॉटेलच्या खिडकीतून कांचनजंगा. खाली लिहिलेलं, "तुम्हाला खूप मिस करतोय." मी प्रत्येक फोटो उघडून बघितला. माणूस आत तसा पडलेला असताना मी फोटो मोठा करून बघत होते, की तिने जाकीट कुठलं घातलंय. हेवा असा असतो. त्याला जागा कळत नाही.

शुक्रवारी डायलिसिस सुरू झालं. डायलिसिस म्हणजे किडनी थकली असताना मशिनने रक्त गाळून परत अंगात सोडणं. मला वाटलं होतं, एकदा लागलं की जन्माचं. तसं नसतं. लेप्टोत बऱ्याचदा किडनी पुन्हा चालू होते, तोवरचा हा आधार असतो. हे समजावणाऱ्या नेफ्रॉलॉजिस्ट, म्हणजे किडनीच्या डॉक्टर, वयाने तेजूएवढ्या वाटल्या. फाईल चाळून म्हणाल्या, "काकू, मला दिवस जुळत नाहीयेत. शनिवारी ताप आणि बुधवारी हे? पुन्हा आठवा."

मी खुर्चीची कड धरून म्हटलं, "ताप गुरुवारपासून होता. मी खोटं सांगितलं. आम्हाला फिरायला जायचं होतं."

मला वाटलं आता बोलतील. त्यांनी पेन काढलं, तारीख दुरुस्त केली.

"वेळेत आणलं असतं तर हे झालं नसतं ना?" मी विचारलं.

"कदाचित गोळ्यांवर भागलं असतं. कदाचित नसतं. ते मी सांगू शकत नाही, आणि तुम्हीही ठरवू नका," त्या म्हणाल्या. "मला फक्त दिवस खरा हवा होता. दोष कुणाचा, हा रकाना आमच्या फाईलमध्ये नाही."

जाता जाता थांबून म्हणाल्या, "आत थंडी वाजतेय त्यांना. गरम काही आहे का?"

मी बॅग उघडली. सिक्कीमसाठी घेतलेले थर्मल, मोजे आणि ती तांबडी माकडटोपी. पुढचे पाच दिवस हे डायलिसिसच्या मशिनजवळ ती टोपी घालून पडून होते. आयसीयूतल्या सिस्टर त्यांना "हिलस्टेशनवाले काका" म्हणायच्या.

आता आमचं सगळं एका गोष्टीवर येऊन थांबलं होतं. लघवी. लघवीची नळी, तिला कॅथेटर म्हणतात, एका पिशवीला जोडलेली असते. किती जमली ते सिस्टर ठरावीक वेळाने बघून लिहितात. पहिले दोन दिवस पिशवीत तळाला जरासं काळपट पाणी. डॉक्टर सांगून गेले होते, ही वाढायला लागली की समजा किडनी जागी होतेय. नाही वाढली तर पुढचं बघू. ह्यांचा शब्द मी त्यांच्या तोंडून ऐकला.

शनिवार गेला. रविवार गेला. दुसरं डायलिसिस झालं. भालूभावजी रोज संध्याकाळी डबा घेऊन येत आणि वाडीतलं सांगत. मी ऐकत नव्हते.

सोमवारी सकाळी सिस्टर बाहेर आल्या. त्या आमच्याच बाजूच्या गावच्या, ख्रिश्चन. "बाय, ये बघ," म्हणाल्या आणि मला काचेपाशी नेलं. "रात्रीपासून चारशे एमएल."

पिशवी अर्धी भरलेली दिसत होती. रंगही उतरला होता. मी ती पिशवी किती वेळ बघत उभी होते, मला आठवत नाही. हातातला फोन थरथरला, रोहिणीचाच असणार. मी उघडला नाही. उघडायचा नाही असं ठरवलं नव्हतं, त्या क्षणी मला पिशवीपेक्षा चांगलं काही दिसूच शकत नव्हतं. कांचनजंगा आणून समोर ठेवला असता तरी मी म्हटलं असतं, जरा बाजूला व्हा.

हसू येईल वाचताना. मलाही येतं. पण वर्तमानात राहा, आहे त्यात समाधान माना, असं लोक सांगतात तेव्हा मला ती पिशवी आठवते. मला ते कुणी शिकवून समजलं नसतं.

तिसरं डायलिसिस झालं आणि मग लागलं नाही. दोन दिवसांनी वॉर्डात आणलं, आणखी आठवड्याने घरी. क्रिएटिनिन उतरायला पुढे सहा आठवडे गेले. पथ्य होतं, दर आठवड्याला रक्त तपासणी होती, अशक्तपणा इतका की ओसरीवरून गेटपर्यंत जाऊन यायला ह्यांना मधे बसावं लागे. ज्यांच्या घरी हे होईल त्यांनी यासाठी तयार राहावं. डिस्चार्ज म्हणजे बरं होणं नव्हे.

ह्यांना सांगायचं राहिलं होतं.

घरी आल्याच्या चौथ्या दिवशी ओसरीवर मी सांगितलं. म्हटलं, "डॉक्टरांना मी दोन दिवस म्हटलं होतं."

"मी तिथेच बसलेलो की," हे म्हणाले.

"मग बोलला का नाहीत?"

"तू इतकी हौसेनं बॅगा भरल्या होत्यास. म्हटलं विमानात बसलो की उतरेल ताप. वरती गार असतं ना."

मला हसायला हवं होतं. इथेच सोडून देता आलं असतं. सुटका समोर होती. पण मी म्हटलं, "तापात तुम्हाला नियम लक्षात नव्हता. मला होता. तीनच्या पुढे सांगितलं असतं तर रक्त तपासलं असतं. ते माहीत होतं म्हणून मी दोन सांगितलं."

हे उठले. भिंतीला धरत आत गेले.

त्या दिवशी ते बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही. चहा दिला की घ्यायचे, गोळ्या घ्यायचे. अबोल्याचा हिशोब मला चांगला कळतो, मीच तो वर्षानुवर्षं धरत आले होते. समोरच्या बाजूने तो कसा लागतो ते पहिल्यांदा कळलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी म्हणाले, "डॉक्टरकडे जाऊन ते कागदावर नीट करून घे. उद्या दुसऱ्या कुणाला हा ताप आला आणि त्यांनी माझा पेपर काढून बघितला, तर चुकीचं कळेल त्यांना."

एवढंच. माफ केलं वगैरे काही नाही. आमच्यात तसं बोलत नाहीत.

मी गेले. दवाखान्यात आठ-दहा माणसं बसली होती, सगळी ओळखीची. डॉक्टर दार उघडं ठेवूनच तपासतात. मी म्हटलं, "ह्यांचा जुना केसपेपर काढाल का? त्यावर ताप दोन दिवसांचा लिहिलाय. तो पाच दिवसांचा होता. मी खोटं सांगितलं होतं." 

"आता त्याचा काय उपयोग?" डॉक्टर म्हणाले. पण त्यांनी पेपर शोधला, दोनवर रेघ मारली, पाच लिहिलं, बाजूला सही केली. मग म्हणाले, "आणि मी पाय बघायला हवे होते." हे त्यांनी हळू म्हटलं, माझ्यापुरतं.

घरी आले तर सासूबाई पानवेलीच्या बांधापाशी उभ्या होत्या. भालूभावजींनी गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट आणले होते, दोन जोड. ह्यांनी बूट हातात घेतले, पण घालेनात. साठ वर्षं ज्या बाईने तिथे नातीचीसुद्धा चप्पल चालू दिली नाही, तिच्यासमोर घालायचे कसे?

सासूबाई म्हणाल्या, "घाल रे. वेलीची समजूत मी काढते." आणि माझ्याकडे वळून, "तूपण घाल. तुझ्यासाठीच आणलेत ते बारके."

तेव्हापासून सुट्टीच्या दिवशी सकाळी मी ह्यांच्याबरोबर पानं खुडायला जाते. पूर्वी जात नसे. बूट मला तरीही मोठेच होतात, चालताना फटफट वाजतात, आणि सासूबाई बांधावर अनवाणी बसून हसतात. हे मला कुठलं पान घ्यायचं, कुठलं ठेवायचं ते दाखवतात. अबोला कधी सुटला ते दोघांनाही सांगता येणार नाही.

हेवा गेला का, असं कुणी विचारलं तर खरं सांगते, नाही गेला. रोहिणी मे महिन्यात जाऊन आली, फोटो बघताना आत काहीतरी हललंच. फक्त आता मी त्याला आवड म्हणत नाही. तिने सिक्कीमचं मॅग्नेटही आणलं होतं. देताना तिचा हात अडखळला. मी ते घेतलं. फ्रिजवर त्याच्याखाली ह्यांच्या किडनीचा शेवटचा रिपोर्ट अडकवला आहे, नॉर्मल आलेला.

डॉक्टरांनी आता प्रवासाला परवानगी दिली आहे. परवा पानं खुडताना ह्यांनीच विचारलं, "काय मग, सिक्कीम?"

"बघू," मी म्हटलं.

त्यांनी चमकून माझ्याकडे पाहिलं. मग दोघंही पुढच्या वेलीकडे वळलो.

तुमच्या घरी ताप आला आणि डॉक्टरांनी विचारलं कधीपासून, तर जो दिवस असेल तो सांगा. विमान चुकू दे. माणूस पाण्यात उभं होतं म्हणूनही सांगा, मग ते पाणी कितीही आपलं असो. आमचा ताप गुरुवारपासून होता.